काम घरी आले, विसावा कुठे गेला?



२०२० सालच्या मार्च महिन्यात मुंबईची लोकल थांबली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि वसई, नालासोपारा, विरारहून रोज अंधेरी, वांद्रे, चर्चगेट गाठणारी आपली मुले-मुली, सुना आणि जावई एका रात्रीत घरी बसून काम करू लागले. हे पंधरा-वीस दिवसांचे आहे, असेच तेव्हा सर्वांना वाटले होते. पुढे साथ ओसरली, लोकल सर्वांसाठी सुरू झाली, पण सगळेच नोकरदार काही ऑफिसात परतले नाहीत. कोणाला आठवड्यातून तीन दिवस बोलावणे येते, कोणाला दोन दिवस. काहींचे तर ऑफिसच कायमचे घरी राहायला आले आहे. कुठे ते जेवणाच्या टेबलावर असते, कुठे पलंगावर, तर कुठे पवित्र हृदयाच्या तसबिरीखालच्या छोट्या मेजावर.

हा तर कंपनीचा आणि नोकरीचा प्रश्न, धर्मग्रामाच्या पत्रकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. आम्हांला तसे वाटत नाही. माणूस किती वेळ काम करतो, केव्हा थांबतो आणि थांबल्यावर त्याच्याजवळ कोण असते, या गोष्टींची पवित्र शास्त्राला फार काळजी आहे. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, ही गोष्ट बायबलच्या अगदी सुरुवातीलाच येते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या विश्वपत्रात कामाचे मोल ठरवताना आधी काम करणाऱ्या माणसाकडे बघायला शिकवले. घरून काम केल्याने कंपनीचा किती फायदा होतो हा हिशेब कंपनी करीलच. त्या कामाने माणसाचे काय होते, हे आज आपण पाहू या.

आधी उपकार मोजू या

विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर आहे. त्यात घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस मिळवले, तर जाऊन-येऊन दिवसाचे चार तास सहज जातात, आणि तेही कसे, ते लोकलच्या दारात लटकलेल्यांना विचारावे! हे चार तास ज्यांना परत मिळाले त्यांना ते देवाच्या देणगीसारखे वाटले, यात नवल नाही. वडिलांच्या डायलिसिसच्या दिवशी मुलगा घरी असतो. आई मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडू शकते. एरवी रविवारीच चर्चमध्ये दिसणारे काही चेहरे आता बुधवारी सकाळच्या मिस्सालाही दिसतात. अपंग बांधवांना, आजारातून उठलेल्यांना आणि बाळंतिणींना तर घरून काम करता येणे म्हणजे नोकरी टिकणे. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा रजा वाढवून २६ आठवडे केली गेली. शिवाय रजा संपल्यावर कामाचे स्वरूप तसे असेल, तर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची वाटही त्यात ठेवली होती.

शिवाय घर आणि काम एकाच कुंपणात असणे वसईला नवीन नाही. आपल्या आजोबा-पणजोबांची वाडी घराला लागूनच असे. केळी, पानवेल, मोगरा आणि भाजी, सगळे हाकेच्या अंतरावर. सकाळी उठून चार पावले टाकली की माणूस कामावर! पण त्या कामाला देवाने आणि गावाने हद्द घालून दिली होती. अंधार पडला की कुदळ खाली ठेवावीच लागे. पावसाने झोडपले की ओटीवर बसावे लागे. आणि संध्याकाळी चर्चची घंटा झाली की शिंपण करणारा माणूस जागच्या जागी उभा राहून क्रुसाची खूण करी आणि देवदूताचा संदेश म्हणे. लॅपटॉपला ना सूर्यास्त आहे, ना पाऊस, ना घंटा. आमच्या मते सगळ्या प्रश्नाची मेख इथेच आहे.

काम संपल्याची घंटा कोण वाजवणार?

लोकलच्या प्रवासाला आपण सर्वांनी भरपूर शिव्या दिल्या आहेत. पण तो प्रवास एक काम गुपचूप करत होता, ते आता कळते. ऑफिसातला राग दादर-बोरिवलीच्या दरम्यान निवत असे. कोणी डुलकी काढी, कोणी ठरलेल्या ग्रुपमध्ये चार विनोद ऐके, कोणी मुठीत रोझरी धरून डोळे मिटून बसे. वसईला उतरेपर्यंत साहेबाचा चेहरा पुसट झालेला असे. आता आठ वाजून दहा मिनिटांनी मीटिंग संपते आणि आठ वाजून अकरा मिनिटांनी मूल गृहपाठाची वही घेऊन समोर उभे राहते. साहेबावरचा राग त्या वहीवर निघतो. मुलाला कारण कळत नाही. पुष्कळदा आई-बापालाही कळत नाही.

परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात साडेसहा. म्हणजे तिकडच्या साहेबाचा दिवस सुरू होतो तो नेमका आपल्या घरातल्या रोझरीच्या आणि जेवणाच्या वेळेला. बाहेरच्या खोलीत घरची माणसे 'नमो मरिया' हळू आवाजात म्हणतात, कारण आत कोणीतरी अमेरिकेशी बोलत असते. आमच्या पाहण्यातल्या काही घरांत तर कुटुंबप्रार्थना आधी हळू आवाजात गेली, मग उशिरा गेली आणि शेवटी गेलीच.

शरीराचेही ऐकावे लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या दोन संस्थांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये घरून काम करण्याविषयी एक मार्गदर्शक टिपण काढले. नीट आखणी असेल तर अशा कामाने प्रवास वाचतो, व्यायामाला वेळ मिळतो आणि घर व नोकरी यांचा मेळ बसतो, असे ते सांगते. आखणी नसेल तर एकटेपणा, कामाने पिचून जाणे, नैराश्य, घरातली मारहाण, पाठ-मानेची दुखणी, डोळ्यांवरचा ताण, तंबाखू आणि दारूत वाढ, वजन वाढणे, असे सगळे मागोमाग येते. या यादीत घरातली मारहाण आहे, हे वाचताना आम्ही थबकलो. ज्या घरात आधीच धाक आहे, तिथल्या बाईला ऑफिस हा रोजचा आठ-नऊ तासांचा आसरा असतो. तो आसरा गेला की ती कुठे जाणार?

याच दोन संस्थांनी मे २०२१ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम केल्यामुळे आलेला पक्षाघात आणि हृदयविकार यांनी २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा अंदाज त्यात आहे. ५५ तास म्हणजे फार नाही. आठवड्याचे सहा दिवस रोज सव्वानऊ तास. घरी बसलेल्या माणसाचे एवढे तास भरतात आणि ते मोजणारे कार्डही कुठे पंच होत नाही.

एलिया झुडपाखाली बसला

चीनमधील शांघाय इथल्या एका मोठ्या प्रवास कंपनीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१० साली तिने घरून काम करायला तयार असलेल्या सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. ज्यांची जन्मतारीख सम आली त्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचे आणि विषम तारखेवाल्यांनी ऑफिसात यायचे. नऊ महिने हा प्रयोग चालला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले आणि माणसे जास्त समाधानी दिसली. इथवर सगळे छान! पण प्रयोग संपल्यावर कंपनीने विचारले, आता तुम्हीच ठरवा, घर की ऑफिस? तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक ऑफिसात परतले. तिथली गर्दी, तिथला प्रवास, सगळे ठाऊक असूनही परतले. मुख्य कारण एकच, एकटे वाटते.

पुढे त्याच कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातले फक्त दोन दिवस घरून काम होते. काम घटले नाही, बढत्याही अडल्या नाहीत आणि नोकरी सोडणारे एक-तृतीयांशाने कमी झाले. याचा अर्थ घर वाईट नाही आणि ऑफिसही वाईट नाही. माणसाला माणसे लागतात, एवढे त्यातून दिसते.

पवित्र शास्त्रात थकून एकटा पडलेला माणूस पाहायचा असेल, तर राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडावा. एलिया हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याने केवढा पराक्रम केला! आणि दुसऱ्याच प्रसंगात तो रानात एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. देव त्याला काय म्हणतो? काहीच नाही. आधी झोप, मग देवदूताचा स्पर्श, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. पुन्हा झोप आणि पुन्हा भाकर. उपदेश नाही आणि कानउघाडणीही नाही. पुढे डोंगरावर एलिया दोनदा म्हणतो की मी एकटाच उरलो आहे. त्यावर देव त्याला सांगतो की, तुझ्यासारखे सात हजार अजून आहेत, आणि अलीशा नावाचा सोबतीही देतो.

आपल्या धर्मग्रामात असे झुडपाखाली बसलेले कोण आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे का? नोकरीसाठी आलेला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहणारा तरुण चार-चार दिवस दाराबाहेर पडत नाही. जेवणाचे पार्सल दाराशी येते, पगार खात्यात येतो. त्याला पाहणारा एकही डोळा नाही. पूर्वी तो ऑफिसात गेला नसता तर निदान शेजारच्या टेबलावरच्याने फोन केला असता. अशा माणसाला 'रोज प्रार्थना कर' एवढे सांगून भागणार नाही. देवदूताने भाकर आधी आणली होती.

घरात असते, तरी घरात नसते

घरून काम करणाऱ्या सुनेविषयी वेगळे लिहायला हवे. "ती काय, घरीच तर असते!" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. तिला मीटिंगच्या मध्येच हाक येते की गॅसवाला आला आहे. दुपारी पाहुणे आले तर चहा तिनेच करायचा. तोच मुलगा त्याच घरात, तसाच लॅपटॉप लावून बसला की घरातले म्हणतात, "हळू बोला, त्याचे काम चालू आहे." हा भेद कोणी दुष्टपणाने करत नाही. तो आपल्या अंगवळणी पडला आहे, म्हणून दिसत नाही.

सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे पाहा. २०१९ साली घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होती आणि घरकामात हात घालणारा पुरुष ९७ मिनिटे. २०२४ सालच्या सर्वेक्षणात स्त्रीची २८९ मिनिटे झाली आणि पुरुषाची ८८. मधल्या वर्षांत केवढे तरी पुरुष महिनोन्‌महिने घरात बसून काम करत होते, तरी घरकामातला त्यांचा वेळ वाढलेला दिसत नाही! २८९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. नोकरीचे नऊ तास त्यात मिळवले की झोपेचे किती उरतात, हे प्रत्येक नवऱ्याने एकदा कागदावर मांडून पाहावे.

तुझ्यासारखाच विसावा

शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी दिली आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात तिचे कारण सृष्टीची निर्मिती हे आहे. देवाने विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मात्र (ओव्या १२ ते १५) कारण निराळे आहे. तिथे मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परका माणूस, सगळ्यांची यादी येते आणि सांगितले जाते की तुझ्या दास-दासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. का? कारण तूही मिसरात गुलाम होतास, हे विसरू नकोस.

म्हणजे विसावा ही केवळ ज्याची त्याची शिस्त नाही. तो दुसऱ्याला देण्याचीही आज्ञा आहे. घरून काम करणाऱ्यांना आज सगळे सल्ले मिळतात ते स्वतःला आवरण्याचे. वेळेवर उठा, योगासने करा, फोन दूर ठेवा. सल्ले चांगले आहेत. पण रविवारी सकाळी साहेबाचा निरोप आल्यावर नोकरीच्या भीतीने ज्याचा हात फोनकडे जातो, त्याला शिस्तीचे धडे काय कामाचे? तो निरोप पाठवणाऱ्यानेच थांबायला हवे. आणि पाठवणारे सगळेच परधर्मी किंवा परदेशी नसतात, बंधूंनो! आपल्याच बाकांवर बसणारे मॅनेजर, सुपरवायझर आणि लहान-मोठे मालक आहेत. मिस्साच्या वेळी ख्रिस्तशरीर स्वीकारणारा हात तासाभराने कोणाचा तरी रविवार मोडतो, हे आपण कधी कबुलीजबाबात सांगितले आहे का?

निर्गमाच्या पाचव्या अध्यायातला फारो आठवतो. त्याने इस्राएली लोकांना पेंढा देणे बंद केले, पण विटांची संख्या तीच ठेवली. घरून काम करणाऱ्या कित्येकांना कंपनीची खुर्ची गेली, वीज गेली, चहा गेला, इंटरनेटचे बिल स्वतःच्या खिशातून आले आणि कामाचे लक्ष्य मात्र तेवढेच राहिले. काही कंपन्या हा खर्च देतात, त्यांचे कौतुक आहे.

कायद्यानेही काही देशांत यात लक्ष घातले आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेनंतर फोन व ईमेलपासून मोकळे राहण्याचा कामगारांचा हक्क कायद्यात आला. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून तसा हक्क दिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशाच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात गिरणी आणि खाणीतल्या कामगारांसाठी रविवारच्या विसाव्याचा आग्रह धरला होता. २०२५ साली निवडून आलेल्या नव्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना त्याच विश्वपत्राची आठवण सांगितली.

एक गोष्ट जाता जाता. अनुवादातल्या त्या यादीत आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाईही येते. तिला घरून काम करण्याची सोय नाही. आपण घरी असतो म्हणून तिच्यामागे कामे वाढली आहेत का, हेही पाहावे.

राहुट्या शिवणारे जोडपे

घर हेच कामाचे ठिकाण असलेले एक जोडपे नव्या करारात आहे, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोम सोडायला लावले तेव्हा ही दोघे करिंथला आली. राहुट्या करणे हा त्यांचा धंदा. संत पौलाचाही तोच धंदा असल्यामुळे तो त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला (प्रेषितांची कृत्ये १८:१-३). त्या काळच्या रोमन शहरांत रस्त्याला लागून दुकान आणि मागे किंवा वर राहण्याची जागा, अशी पुष्कळ घरे असत. कातडी, जाड कापड, सुया आणि दोरे यांच्या पसाऱ्यातच त्यांचा संसार चालत असणार.

पुढच्याच ओवीत आहे की पौल दर शब्बाथाला सभास्थानात जाई. म्हणजे सुई खाली ठेवण्याचा दिवस ठरलेला होता. पुढे इफिसला याच जोडप्याने अपुल्लो नावाच्या विद्वानाला जवळ घेऊन प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्यांच्या घरात ख्रिस्ती मंडळी जमत असे, हे पौलाने दोन पत्रांत लिहून ठेवले आहे (१ करिंथ १६:१९, रोम १६:३-५). आणि एक बारीक गोष्ट. नव्या करारात या दोघांचा उल्लेख सहा वेळा येतो. त्यांपैकी चार वेळा मूळ ग्रीक ग्रंथात बायकोचे नाव आधी आहे. त्या घरात "ती काय, घरीच तर असते" असे कोणी म्हणत नसावे!

त्यांच्या घराचे दार कामासाठी उघडे होते, तसे पाहुण्यासाठी, शिकणाऱ्यासाठी आणि प्रार्थनेसाठीही उघडे होते. आपल्या घरात काम आले आणि बाकीच्यांना दार बंद झाले, तिथे घोटाळा झाला.

लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेसाठी

या महिन्याच्या समूहसभेत प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय (ओव्या १ ते ४ आणि २४ ते २६) वाचावा. त्यानंतर घरून काम करणाऱ्यांना आधी बोलू द्यावे, वडीलधाऱ्यांनी ऐकावे. सुनांना नवरा आणि सासू-सासरे यांच्यासमोर बोलणे जड जाते, म्हणून महिलांचा गट वेगळा बसला तरी चालेल. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाने घरी जाऊन दोन गोष्टी ठरवाव्यात. लॅपटॉप किती वाजता मिटायचा आणि मिटल्यावर तो नजरेआड कुठे ठेवायचा. ज्यांचे काम रात्रीचे आहे त्यांच्यासाठी रोझरीची वेळ बदलावी, आवाज कमी करू नये. सकाळी नाश्त्याआधी पाच दशके म्हणायला काय हरकत आहे? कामाला बसण्याआधी आणि उठल्यावर दहा मिनिटे घराबाहेर चालून यावे. ती आपली लोकल समजावी.

प्रत्येक समूहाने आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत एकटे राहून काम करणारे कोण आहेत त्यांची नावे काढावीत आणि रविवारच्या जेवणाला एकेकाला बोलवावे. धर्मग्रामाच्या सभागृहाची एक खोली आठवड्यातले दोन दिवस टेबल-खुर्च्या आणि इंटरनेटसह उघडी ठेवता येईल का, हा विषय धर्मग्राम परिषदेपुढे मांडावा, असे आम्ही सुचवतो. ज्यांना अशी जागा हवी आहे त्यांनी समूहप्रमुखांकडे नाव द्यावे. म्हणजे किती खुर्च्या लागतील ते कळेल.